घाईच्या काळात सावकाश प्रेम: जुन्या वळणाच्या माणसांसाठी

एका वेळी एकाच माणसात मन गुंतवायचं, ओळख पिकू द्यायची, मग जवळीक, आणि मनात आहे ते तोंडाने नीट सांगायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना हल्ली ‘कुठल्या जमान्यात आहेस’ हे वरचेवर ऐकावं लागतं. ऐकून ऐकून काही जण स्वतःची ओढ दाबून टाकतात, तर काही जण सगळ्या नव्या साधनांवर फुली मारून गप्प बसतात. दोन्हींची गरज नाही. आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवलं आणि ते वेळेवर, सरळ शब्दांत सांगितलं, तर आजची साधनं हातात घेऊनही सावकाश प्रेम करता येतं. बहुतेकांचं घोडं अडतं ते सांगण्यापाशी, म्हणून खाली बऱ्याच ठिकाणी वाक्यंच तयार करून दिली आहेत.

आधी कागदावर उतरवा

‘मी जुन्या वळणाचं माणूस आहे’ या एका वाक्यात सहसा चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. वेग, म्हणजे किती ओळखीनंतर किती जवळीक. फक्त एकमेकांपुरतं कधीपासून राहायचं, पहिल्या भेटीपासून की तसं ठरल्यावर. बोलण्याची रीत, म्हणजे दिवसभर चॅट की ठरलेला फोन, पत्र, भेट. आणि चौथी, शब्द दिल्या-घेतल्याशिवाय पुढे न जाणं. या चौघींसमोर तुम्हाला काय हवं ते एकेका ओळीत लिहा आणि ओळीच्या शेवटी ‘अट’ किंवा ‘आवड’ यांपैकी एक शब्द टाका. चारही ठिकाणी ‘अट’ आलं तर पुन्हा बसा. अटी दोन असाव्यात, फार तर तीन. समोरच्यानेही पत्रं लिहावीत ही आवड. एका वेळी दोघांशी नातं चालणार नाही ही अट.

मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: समोरचा माणूस पूर्ण विश्वासाचा आहे आणि नकाराची भीती उरलेलीच नाही असं धरलं, तरीही मला हे असंच हवं असेल का? ‘हो’ आलं तर ती तुमची खरी पसंती. ‘मग कदाचित लवकर चालेल’ असं आलं तर ती भीती आहे, आणि सावकाशपणा हे भीतीवरचं औषध नव्हे. सहा महिने बोलणं चालू आहे पण भेटायचं नाव नाही, किंवा वर्षभर मैत्री आहे पण आवडतं हे सांगितलेलंच नाही, ही तिची नेहमीची रूपं. ही गल्लत आधी सोडवली नाही तर पुढचं काहीही नीट लागू पडत नाही.

जुन्या पद्धतीतल्या काही गोष्टी मात्र सोडून द्यायच्याच. नकारानंतरही मागे लागून मन जिंकता येतं हा समज त्यातला सगळ्यात घातक. ‘नाही’, ‘सध्या नको’, दर वेळी विषय बदलणं, उत्तरच न देणं, हे सगळे नकार आहेत आणि ते पहिल्याच वेळी मानायचे. हेवा वाटणं म्हणजे प्रेम असणं, हाही तसलाच समज. खर्च कोणी करायचा, पुढाकार कोणी घ्यायचा हे बाई की पुरुष यावरून आधीच ठरलेलं असतं असं धरून चालू नका, विचारून ठरवा.

आणि साधनांचा सोवळेपणा नको. ज्या प्रेमपत्रांना आपण जुन्या काळाची खूण मानतो ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली टपाल स्वस्त झाल्यावर. ब्रिटनमध्ये १८४० साली अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशभर कुठेही एका पेनीत जाऊ लागलं, तेव्हा ती नवी यंत्रणाच होती. साधन तुम्हाला थांबायला आणि विचार करायला जागा देतं का, एवढंच बघा.

माणूस भेटणार कुठे

डेटिंग अ‍ॅप वापरायचंच नाही असं ठरवता येतं, पण त्याने वाट किती अरुंद होते हे माहीत असू द्या. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनुसार २०१७ साली ओळख झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती. वापरायचं ठरलं तर अ‍ॅपचा वेग आपल्यावर चढू द्यायचा नाही. टिंडर २०१२ साली आलं आणि फोटो बोटाने डावीकडे-उजवीकडे सारायची सवय जगभर लागली. अशा रचनेत एका माणसाच्या वाट्याला एक-दोन सेकंद येतात, आणि हळूहळू आवडू लागणारी माणसं त्यात सरळ गळून जातात. म्हणून जिथे फोटोंबरोबर लिहिलेली उत्तरं वाचायला मिळतात असं अ‍ॅप निवडा. नोटिफिकेशन बंद. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं. एका वेळी जास्तीत जास्त तिघांशी बोलणं, आणि कोणाशी भेट ठरली की बाकीच्या दोघांना तसं कळवून थांबणं. तिनाच्या वर गेलात की कोणी काय सांगितलं हे आठवेनासं होतं, आणि तुम्हीही माणसांची तुलना करायला लागता.

प्रोफाइलमध्ये ‘टाइमपास करणाऱ्यांनी लांब राहावं’, ‘आजकाल खरं प्रेम राहिलंच नाही’ असली वाक्यं नकोत. टाइमपास करणारे ती वाचून थांबत नाहीत, आणि चांगली माणसं मात्र बिचकतात. जे हवं ते लिहा: ‘सावकाश ओळख वाढवायला आवडतं. एका वेळी एकाच व्यक्तीला भेटणं पसंत. चॅटपेक्षा फोन बरा वाटतो. दीर्घ नात्याच्या विचारात आहे.’ एवढं पुरे. नात्याचा हेतू विचारणारा रकाना असेल तर तो कधीही रिकामा सोडू नका. ‘बघू, जमलं तर’ छापाचा पर्याय निवडून मनात लग्नाचा विचार ठेवणं ही समोरच्याची आणि स्वतःचीही फसवणूक आहे.

अ‍ॅपबाहेर शोधायचं तर एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांपेक्षा तीच माणसं दर आठवड्याला भेटतील अशी जागा धरा: गायनाचा वर्ग, चालण्याचा गट, वाचनमंडळ, स्वयंसेवेचं काम. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही ती आवडू लागते. पहिलं मत वाईट झालं नसेल तर माणसांच्या बाबतीतही हे पुष्कळदा खरं ठरतं. सावकाश माणसाच्या बाजूने असलेला हा मोठा नियम आहे. वेळ किती लागतो याचाही अंदाज ठेवा. जेफ्री हॉल या संशोधकाच्या २०१८ च्या अभ्यासात तोंडओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त वेळ एकत्र जावा लागतो असं दिसलं. आठवड्याला दोन तासांचा वर्ग धरला तर ५० तास भरायला सहा महिने लागतात. म्हणून साताठ आठवड्यांनी वर्गाबाहेरचा एखादा तास मागायला लाजू नका. त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

चॅट, फोन आणि निळ्या खुणा

लिहून बोलण्यात सूर कळत नाही. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगांत ईमेल लिहिणाऱ्यांना आपला थट्टेचा किंवा गंभीर सूर समोरच्याला जितका कळेल असं वाटत होतं, त्यापेक्षा बराच कमी कळला. तेव्हा चॅट भेट ठरवण्यापुरतं आणि बारीकसारीक खुशालीपुरतं ठेवा. ओळख झाल्यापासून आठ-दहा दिवसांत एकदा फोन, आणि तीन आठवड्यांच्या आत भेट. सावकाश म्हणजे भेट लांबवणं नव्हे. महिना-दीड महिना नुसतं लिहीत राहिलं की आपण रिकाम्या जागा आपल्या कल्पनेने भरतो, आणि प्रत्यक्ष माणूस समोर आला की तो त्या कल्पनेपुढे कमी पडतो. यात त्याचा काही दोष नसतो.

फोनसाठी असं विचारा: ‘मला लिहिण्यापेक्षा बोलायला जास्त आवडतं. गुरुवारी रात्री नऊला पंधरा मिनिटं फोन केला तर चालेल का?’ वार, वेळ आणि किती मिनिटं, तिन्ही सांगा. ‘कधीतरी बोलूया’ याला उत्तर देता येत नाही. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचं असेल तेव्हाही एकदा विचारून घ्या, नुसतं सुरू करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरपासून निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचलं, तरी उत्तर नाही’ हे नवं दुखणं जन्माला आलं. सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन रीड रिसीट्स बंद करा. मग तुमच्या खुणा त्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्या तुम्हाला. ग्रुपमध्ये मात्र त्या दिसतच राहतात. ‘लास्ट सीन’ही त्याच ठिकाणी बंद होतं. स्वभावाने हळव्या माणसाने हे पहिल्याच दिवशी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर मुद्दाम तीन तास उशिरा देण्याचा डावही खेळू नका. वेळ मिळाला की उत्तर द्या, नसेल तर ‘संध्याकाळी नीट लिहितो’ किंवा ‘लिहिते’ एवढं कळवा आणि संध्याकाळी खरोखर लिहा.

एक धोका जुन्या वळणाच्या माणसांना जास्त असतो. चार दिवसांत ‘तुझ्याशिवाय जगता येणार नाही’ म्हणणारी, जन्मोजन्मीच्या गोष्टी करणारी व्यक्ती त्यांना आपल्यासारखीच वाटते. तपासायला दोन गोष्टी पुरतात. व्हिडिओ कॉल मागा. आणि ‘जरा सावकाश घेऊ’ असं म्हणून काय होतं ते बघा. खऱ्या ओढीचा माणूस थोडा हिरमुसेल, पण वेग कमी करेल. जो रुसतो, अपराधी वाटायला लावतो किंवा आणखी जोरात प्रेम ओततो, त्याच्यापासून दूर व्हा. कॅमेरा कायम बिघडलेला आणि मधेच पैशाची अडचण, ही जोडी दिसली तर तिथे नातं नाहीच, फसवणूक आहे. एक पैसाही द्यायचा नाही, आणि मेसेज पुसून न टाकता पोलिसांत तक्रार करायची.

भेट

पहिली भेट तासाभराची, फार तर दीड तासाची, दिवसाउजेडी आणि लोकांची ये-जा असलेल्या ठिकाणी. शेजारी शेजारी चालत बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं, कारण गप्प राहिलं तरी ते खटकत नाही. फोन पिशवीत ठेवा. टेबलावर उलटा ठेवलेला फोनही लक्ष खातो. आवडलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सांगा: ‘काल बरं वाटलं भेटून. तू धाकट्या भावाच्या शिक्षणाबद्दल बोलत होतीस ते डोक्यात राहिलंय. पुढच्या रविवारी पुन्हा भेटूया का?’ ऐकलेली एक गोष्ट आणि ठरावीक वार, एवढं त्यात असावं. आवडलं नसेल तर तेही दोन दिवसांच्या आत: ‘भेटून छान वाटलं, पण पुढे जावं असं मला वाटत नाही. मनापासून शुभेच्छा.’ काहीच न कळवता गायब होणं ज्यांना खुपतं त्यांनी स्वतः ते कधीही करू नये.

मन किती उघडायचं? समोरचा जेवढं उघडतो साधारण तेवढं, आणि अधूनमधून एक पाऊल जास्त. आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ३६ प्रश्नांचे तीन गट केले, साध्यापासून खोल जाणारे, आणि अनोळखी जोड्यांनी ते पाऊण तासात आळीपाळीने सोडवले तेव्हा नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा त्यांना जास्त जवळीक वाटली. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे चढण आणि आळीपाळी. पहिल्याच भेटीत जुन्या प्रेमभंगाची सगळी कहाणी सांगून टाकली तर ही चढण मोडते. फक्त प्रश्न विचारत राहिलात तर आळीपाळी मोडते आणि समोरच्याला मुलाखत दिल्यासारखं वाटतं.

तुमच्या दोन अटी दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत सांगून टाका. त्याआधी सांगितल्या तर इशारा वाटतो, सहा-सात भेटींनंतर सांगितल्या तर ‘आधी का नाही बोललीस’ हा रास्त प्रश्न येतो. जवळीकीबद्दलचं बोलणं तर तो क्षण येण्याच्या आधी, निवांत असताना व्हायला हवं. क्षण आल्यावर दिलेला नकार समोरच्याला स्वतःला दिलेला नकार वाटतो. वाक्य असं असू शकतं: ‘तुझी ओढ मला आहेच. पण आपण एकमेकांचे आहोत हे ठरल्याशिवाय मला त्या बाबतीत पुढे जायचं नाही. आत्ता निवांत आहोत म्हणून बोलून घ्यावंसं वाटलं. तुला काय वाटतं?’ शेवटचा प्रश्न गाळू नका, आणि उत्तर ऐकताना मधे बोलू नका. समोरच्याचं मत वेगळं निघालं म्हणून तो माणूस उथळ ठरत नाही. तुमची अट जितक्या आदराने ऐकली जावी असं वाटतं, तितक्याच आदराने त्याचं मत ऐका.

पत्र

हाताने लिहिलेलं पत्र आजही काम करतं, पण चुकीच्या वेळी दिलं तर ओझं होतं. पाच-सहा भेटी झाल्या आहेत, दोन्हीकडून ओढ दिसते आहे, तेव्हाच ते द्यावं. ज्याने अजून काहीच दाखवलेलं नाही त्याच्या हातात चार पानी पत्र ठेवणं म्हणजे त्याला उत्तराच्या कोंडीत पकडणं. तिथे तोंडी दोन वाक्यं बरी.

कागद ए-फाइव्ह आकाराचा घ्या, १४८ बाय २१० मिलिमीटर. मोठ्या कागदावर पान भरायच्या नादात शब्द वाढतात. शाईपेनाने लिहिणार असाल तर ९० ते १०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद हवा. झेरॉक्सच्या नेहमीच्या पातळ कागदावर शाई फुटते आणि मागे उमटते. बॉलपेन किंवा जेल पेन असेल तर ८० जीएसएम पुरे. एकाच बाजूला लिहा, दोन कागद, मिळून अडीचशे ते तीनशे शब्द. कच्चा मसुदा वेगळा करा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी मोठ्याने वाचा. जिथे वाचताना स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं ते वाक्य काढा. मग ‘मी, मला, माझं’ या शब्दांखाली रेघ मारा. निम्म्याहून जास्त वाक्यांत रेघ दिसली तर पत्र त्या व्यक्तीबद्दल नसून तुमच्या भावनांबद्दल झालंय, पुन्हा लिहा. पक्की प्रत उतरवायला अर्धा तास ठेवा. एखादा शब्द चुकला तर एक रेघ मारून पुढे जा, त्यासाठी कागद फाडू नका.

पत्राचा जीव एका डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत असतो. ‘तू खूप वेगळी आहेस, तुझं मन निर्मळ आहे’ हे कोणीही कोणालाही लिहू शकतो. याउलट: ‘त्या दिवशी पावसात तू त्या आजोबांना छत्रीखाली घेतलंस आणि स्वतःचा डावा खांदा भिजू दिलास. बोलत माझ्याशी होतीस, पण लक्ष त्यांच्या चपलेकडे होतं, पाय घसरू नये म्हणून.’ असं एकच दृश्य घ्या, त्यातून तुम्हाला काय कळलं ते दोन वाक्यांत लिहा, आणि शेवटी मनातलं थेट सांगा: ‘तू मला आवडतेस. याचं उत्तर लगेच द्यायला हवं असं नाही.’ उपमा, शेर, उसनी कविता यांची गरज पडत नाही.

ए-फाइव्ह कागद मधोमध एकदा दुमडला की सी-सिक्स पाकिटात, म्हणजे ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या, नीट बसतो. शाई पुरती वाळल्यावरच दुमडा, नाहीतर समोरच्या पानावर अक्षरं उठतात. भेट संपताना हातात द्या आणि निघा. समोर बसून वाचायला लावू नका. फोटो काढून आधी पाठवू नका, दुसऱ्या दिवशी ‘वाचलंस का’ असंही विचारू नका. आठवडाभर तो विषय त्यांचा. उत्तर कागदावरच यावं ही अपेक्षाही सोडा. कोणी फोनवर सांगतो, कोणी पुढच्या भेटीत दोन शब्द बोलतो, तेही उत्तरच.

‘आपलं काय आहे’ हे विचारताना

बऱ्याच ओळखी इथे येऊन रेंगाळतात. दोन-तीन महिने नियमित भेटी झाल्या असतील तर विचारा: ‘मी दुसऱ्या कोणाला भेटत नाही आणि भेटायची इच्छाही नाही. तुझ्याकडूनही तसंच असावं असं वाटतं. तयार आहेस का?’ उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘वेळ हवा’. वेळ मागितला तर द्या, पण तारीख ठरवून: ‘ठीक आहे, तीन आठवड्यांनी पुन्हा बोलू.’ त्या तीन आठवड्यांत विषय काढायचा नाही. त्या दिवशीही ‘बघू ना’ आलं तर ते ‘नाही’ समजून बाजूला व्हा. या ठिकाणी लोक आणखी सहा महिने घालवतात, आणि त्याला प्रेमाची चिकाटी म्हणतात. मी त्याला स्वतःची हेळसांड म्हणेन.

समोरची व्यक्ती मनाने तुमचीच आहे पण रीत वेगळी आहे, असंही होतं. तिला दिवसभर छोटे छोटे मेसेज हवेत, तुम्हाला रात्रीचा निवांत फोन. इथे आवडीच्या रकान्यातल्या गोष्टींची देवाणघेवाण करा: दुपारी तुमच्याकडून दोन-तीन मेसेज, रात्री दोघांचा वीस मिनिटांचा फोन. महिनाभर करून बघा आणि मग बदल करा. अटींच्या रकान्याला मात्र हात लावू नका. तिथे केलेली तडजोड पुढे कडवटपणा होऊन बाहेर येते.

संपलं तर

उत्तर यायचं बंद झालं तर पाच-सहा दिवसांनी एकच मेसेज: ‘बरेच दिवस बोलणं नाही. थांबायचं असेल तर तसं सांगितलंस तरी चालेल.’ त्यानंतर दुसरा नाही. एकतर्फी ओढ महिनोन्‌महिने डोक्यातून जात नसेल, दिवसाचे तासन्‌तास त्यातच जात असतील, तर मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ साली ‘लिमरन्स’ असं नाव दिलेली ती अवस्था असू शकते. ती अनिश्चिततेवर जगते, म्हणून अनिश्चितता तोडा: स्टेटस आणि फोटो म्यूट करा, सामाईक मित्रांकडून खबर घेणं थांबवा, जुने चॅट आर्काइव्ह करा. झोप, जेवण किंवा काम बिघडायला लागलं तर समुपदेशकाकडे जा.

पत्रांचा प्रश्न उरतो. तुम्हाला आलेली पत्रं तुमच्याजवळ ठेवायला हरकत नाही, पण परत मागितली गेली तर महिन्याभरात, सगळी, पाकिटांसकट द्या आणि त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवू नका. मित्रांना ती वाचून दाखवणं, एखादी ओळ कुठे टाकणं, भांडणात पुरावा म्हणून काढणं, यातलं काहीही करायचं नाही. तुम्ही लिहिलेली परत हवी असतील तर एकदाच विचारा. द्यायची नाहीत असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.